अडीच वाजताची कळ

बजरंग खराडेंच्या डाव्या हातात रोज दुपारी अडीच वाजता कळ उठते, हे मला त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या शेजारणीने फोन करून सांगितलं.

"सिस्टर, उज्ज्वलासाठी तुम्ही यायचा, म्हणून तुम्हालाच करतेय. ती जाऊन दीड महिना झाला. पण तिचे मिस्टर रोज अडीचला ओट्यावर येऊन बसतात. हात मांडीवर घेतात आणि दात आवळून तासभर तसेच. ताट वाढून ठेवलं तर तसंच राहतं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, माझं काही दुखत नाही, उज्ज्वलाचं दुखतंय."

फोन ठेवला तरी मी गाडी चालू केली नाही. 'अडीचला' हा शब्द ऐकल्यावर मला जे आठवलं, ते त्या शेजारणीला माहीत असायचं कारण नव्हतं.

मी सलोमी गायकवाड. मिरजेच्या एका रुग्णालयात, ज्यांचं आता बरं होणं नाही अशा पेशंटच्या विभागात नर्स आहे. अर्धी नोकरी वॉर्डात, अर्धी दुचाकीवर. पेशंट शेवटचे दिवस काढायला घरी गेला की त्याच्या मागे मी जाते.

आमच्या कामातला सगळ्यात अवघड टप्पा म्हणजे हे वॉर्डातून घरी जाणं. वॉर्डात दर चार तासांनी कोणीतरी कपाळावरच्या आठ्या बघतं, मूठ आवळलीये का बघतं, डोस वाढवतं. घरी गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी कण्हत परत येतो. घरच्यांचा दोष नसतो. पेशंट बोलण्याच्या पलीकडे गेलेला असतो, मॉर्फिनचा एक थेंब जास्त पडला तर काय होईल याची धास्ती असते, आणि दुखतंय की नुसती झोप चाळवलीये हे कोणाला कळत नाही.

यावर आधी आकडा दाखवणारी यंत्रं आली. पेशंटच्या मानेमागे पट्टी आणि उशाशी पडद्यावर शून्य ते दहा. ती चालली नाहीत. लोक आकड्याशी भांडायचे. एका घरी पडद्यावर टॉवेल टाकलेला मी पाहिला. सात आकडा दिसला की म्हाताऱ्याच्या मुलाला घास उतरत नव्हता.

मग तीन वर्षांपूर्वी 'दुवा' आला. पेशंटकडची बाजू तीच. मानेमागे आणि छातीवर पातळ पट्ट्या. हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर, त्वचेवरचा घाम, मेंदूतल्या लहरी हे सगळं एकत्र करून त्या दुखण्याचा अंदाज बांधतात. बदल होता तो दुसऱ्या टोकाला. तिथे पडद्याऐवजी घरातल्या एका माणसाच्या कोपराखाली बांधायचा पट्टा होता. त्याच्या आतल्या अंगाला शहाण्णव बारीक टोकं असतात. ती दाबतात, थरथरतात, किंचित गरम होतात. पट्टा स्वतः दुखवत नाही. पहिल्या दिवशी नुसत्या मुंग्या आल्यासारखं वाटतं. पण समोरच्याचा आक्रसलेला चेहरा आणि हातावरच्या मुंग्या तास न् तास एकाच वेळी येत राहिल्या, की मेंदू त्यांचा अर्थ लावायला शिकतो. अंध माणूस बोटांखालचे ठिपके विसरून सरळ मजकूर वाचायला लागतो ना, तसंच. दहा-बारा दिवसांत मुंग्या संपतात आणि समोरच्याचं दुखणं सुरू होतं.

हे शिकणं त्या एका जोडीपुरतंच असतं. एक पेशंट, एक माणूस. म्हणून पट्टा कोणी बांधायचा, हे घरच्यांना वॉर्डात असतानाच ठरवावं लागतं.

खराडेंच्या घरात ठरवायला कोणी नव्हतं. एकुलती मुलगी प्रणाली हैदराबादला नोकरीला. बजरंगकाका तासगावला नगरपालिकेत तीस वर्षं पाणी सोडायचं काम करून नुकतेच निवृत्त झालेले. रस्त्यातल्या व्हॉल्व्हची लोखंडी चावी फिरवताना दांड्यावर हात ठेवून पाणी कुठल्या बोळापर्यंत पोचलं हे त्यांना कळायचं, असं उज्ज्वलाकाकूंनीच मला कौतुकाने सांगितलं होतं. काकू चौपन्न वर्षांच्या होत्या, अंगणवाडीत होत्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर, कळला तेव्हा हाताबाहेर गेलेला.

इतरांना दहा-बारा दिवस लागतात. काका वॉर्डातच, सातव्या दिवशी शिकले. खुर्चीत डुलकी लागली होती त्यांना. एकदम जागे झाले आणि म्हणाले, "सिस्टर, पोटातनं निघून पाठीत चाललंय. जोरात."

काकू डोळे मिटून गप्प पडल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

मी मॉर्फिनचे थेंब दिले. काका गोष्ट जमल्यासारखे हसले. काकू हसल्या नाहीत. काका चहा आणायला गेले तेव्हा मला म्हणाल्या, "सिस्टर, हे काढा यांच्या हातावरचं."

"का हो काकू?"

"बत्तीस वर्षं यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. आमचं चाललं होतं त्याच्यावर. आता मी काही नाही म्हणायचं आणि यांनी हाताकडे बघायचं. माझं म्हणून एवढं तरी राहू द्यायचं होतं."

मी त्यांना समजावलं. तुम्ही बोलू शकणार नाही तेव्हा हेच तुमच्या वतीने बोलेल, असं म्हणाले. त्या खिडकीकडे बघत राहिल्या. शेवटी पट्टा चालू ठेवण्याच्या कागदावर सही त्यांनीच केली.

घरी त्या तेवीस दिवस राहिल्या. मी आठवड्यातून दोनदा जायचे, आणि खरं सांगायचं तर मला तिथे फार काम नसायचं. पाण्याच्या टाकीजवळच्या त्या दोन खोल्यांत माझ्या वॉर्डापेक्षा चांगली सेवा चालली होती. काका वहीत तासाचा हिशेब ठेवत नसत. हात सांगायचा, ते थेंब द्यायचे. दुखणं वर चढायच्या आधीच औषध जायचं, त्यामुळे ते कमीही लागायचं.

एकदा मी गेले तर काका पायथ्याशी बसून काकूंचे पाय चेपत होते.

"माझ्या बोलण्याने उतरत नाही ओ," ते म्हणाले. "रेडिओने नाही, देवाच्या पोथीने नाही. पाय चेपले की उतरतं. मी लग्न झाल्यापासून कधी चेपले नव्हते."

काकूंना तेव्हा बोलायला त्रास व्हायचा. तरी त्या म्हणाल्या, "आता कळतंय तर करतात. सांगून केलं नसतं."

त्यात टोमणा किती आणि माया किती, ते मला सांगता येणार नाही. काका मान खाली घालून चेपत राहिले. दुसऱ्याच्या दुखण्याने सुकलेला माणूस मी रोज बघते, पण काका वेगळेच सुकत होते. काकू झोपल्या की ते झोपायचे, काकूंना उमासा आला की त्यांचा हात पोटाकडे जायचा. दाराशी निरोप घेताना एकदा मला म्हणाले, "हा पट्टा काढला की एकदम रिकामं वाटतं. आंघोळीपुरता काढतो, तेवढंही नको वाटतं."

आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात एक पान होतं, असं कोणी म्हणालं तर विभागात कळवायचं, असं लिहिलेलं. मी कळवलं नाही. काम उत्तम चाललं होतं.

शेवटचा दिवस गुरुवार होता. दुपारी दोन वीसला मला काकांचा फोन आला. मी कवठ्याच्या रस्त्याला दुसऱ्या एका पेशंटच्या दारात गाडी लावत होते, आणि आतून बायकांचा गलका ऐकू येत होता. "काका, दहा मिनिटांत करते," म्हणून मी फोन ठेवला. त्यांना बोलू दिलं नाही. आत म्हातारीला धाप लागली होती. मी घड्याळाकडे बघितलं तेव्हा तीन पस्तीस झाले होते.

मी फोन लावला. उचलला प्रणालीने. ती पाच मिनिटांपूर्वीच पोचली होती.

"सिस्टर, मम्मी गेली," ती म्हणाली. "मी यायच्या आधीच."

संध्याकाळी मी पट्ट्या काढायला गेले. मागच्या दाराबाहेर धुण्याच्या दगडावर दुव्याचा पट्टा पडला होता. औषधाची बाटली मी उचलून उजेडात धरली, आणि मला कळलं की दुपारचा डोस गेलेला नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी बाटली पिशवीत टाकली. त्यांनी काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही. पेशंटच्या बाजूची नोंद पट्टा काढला तरी चालूच असते आणि रुग्णालयात जमा होते. नव्वद दिवसांनी ती पुसली जाते. मी ती उघडली नाही. त्या तासात काय झालं ते मला बघायचं नव्हतं.

शेजारणीच्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी मी दोनला तासगावात पोचले. काका ओट्यावर होते. दाढी वाढलेली, सदरा स्वच्छ. माझ्यासाठी त्यांनी खुर्ची आणली. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. अडीचला दोन-तीन मिनिटं असताना ते बोलायचे थांबले आणि डावा हात उचलून मांडीवर घेतला, झोपलेलं मूल उचलावं इतक्या जपून.

मग ती आली. मी पंधरा वर्षं लोकांच्या वेदना बघतेय. खोटी कळ मला ओळखता येते. ही खोटी नव्हती. हाताच्या शिरा तटतटल्या, मानेवर घाम आला, श्वास अर्ध्यात अडकू लागला. उघड्या हातावर पट्टा नव्हता, काहीच नव्हतं.

"कशी आहे?" मी विचारलं.

"पोटातनं पाठीत," ते म्हणाले. "तिचीच."

तीन पंचवीसला ती गेली. काकांनी तोंडावर पाणी मारलं आणि मला सगळं सांगितलं.

त्या दिवशी दोन वाजता प्रणालीचा फोन आला होता. ती सोलापूरच्या बरीच पुढे, गाडीत होती. म्हणाली, पप्पा, मी साडेतीन-चारपर्यंत पोचते, मम्मीला झोपेचं औषध देऊ नका, मला तिच्याशी बोलायचंय. काकूंना तेव्हा औषध दिलं की त्या सहा-सहा तास उठत नसत. आणि कळ तर चढायला लागली होती. काय करू विचारायला त्यांनी मला फोन लावला. मी दहा मिनिटं म्हणाले.

"मी तिच्या कानात म्हणालो, प्रणाली येतेय, थोडी कळ काढ. तिने डोळे उघडले की नाही, आता आठवत नाही. मग कळ एवढी चढली सिस्टर, की माझ्याच्याने बसवेना. थेंब तर द्यायचे नव्हते. मी पट्टा काढला. दगडावर ठेवला आणि मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. तिचं दुखणं तिच्याकडे ठेवून मी बाहेर गेलो. आत गेलो तेव्हा तीन वीस झाले होते. ती शांत होती. पाच मिनिटांत संपलं."

ते हाताकडे बघत होते.

"तेवढा तास मी चुकवला. तो आता रोज येतोय."

हे काय आहे ते मला माहीत होतं. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या बोटांना खाज सुटते, त्यातलाच हा प्रकार. मेंदूत आपल्या शरीराचा एक नकाशा असतो. दुव्यासाठी काकांच्या मेंदूने डाव्या हाताचा तुकडा दुसऱ्या शरीराला देऊन टाकला होता. ते शरीर गेलं, संदेश थांबले, पण तो तुकडा गप्प बसायला तयार नसतो. संदेश येत नसले की तो ते स्वतः बनवतो. दुवा वापरणाऱ्या अकरांत एकाला असं होतं, आणि त्यावर उपचारही आहे. तो हात साध्या स्पर्शांनी पुन्हा ज्याचा त्याला मिळवून द्यायचा. तीन-चार आठवड्यांत बहुतेकांची कळ थांबते.

मी हे सगळं सांगितलं. काकांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे पुसून टाकायचं."

"त्रास तरी किती दिवस काढणार काका?"

"तिची साडी प्रणालीने नेली. अंगणवाडीची वही तिथल्या बाईंनी नेली. माझ्याकडे एवढंच हाय."

मग ते ज्यासाठी एवढं बोलले होते ते निघालं. प्रणालीने रुग्णालयात अर्ज केला होता. वारस म्हणून तिला आईची शेवटच्या दिवसाची नोंद हवी होती. नुसती कागदावर नको, पट्ट्यावरून हातावर चालवून हवी होती. नियमात ते बसत होतं. गेल्या वर्षभरात असे बरेच अर्ज येऊ लागले होते. माणसं फोटो ठेवतात, आवाज ठेवतात, आता हेही मागत होती.

"तिला देऊ नका," काका म्हणाले. "पुसली गेली म्हणून सांगा. तिला वाटतंय मी थेंब दिले होते, आई झोपेत गेली. मी तसंच सांगितलंय. नोंद बघितली तर तिला कळेल तिच्या एका वाक्याने काय झालं. पोरीला आयुष्य काढायचंय अजून."

मी विचार करते म्हणाले आणि निघाले. मिरजेपर्यंत मी खरंच विचार केला. एक बटण दाबलं असतं तर नोंद गेली असती, कोणी विचारलंही नसतं. आणि त्या नोंदीचा माग दोन वीसच्या फोनपाशी, म्हणजे माझ्यापर्यंतही जात होता. पोरीसाठी पुसायची की माझ्यासाठी, हे मला ठरवता आलं नाही. म्हणून मी पुसली नाही.

रविवारी प्रणाली आली. तिनेच सांगितलं की तासगावातल्या घरी, त्याच खोलीत आणि त्याच वेळेला हवं. कॉटवरची गादी काढलेली होती. नुसत्या फळ्यांवर ती बसली, समोर खुर्चीत काका, मी मध्ये टॅबलेट घेऊन. सव्वीस वर्षांची मुलगी, आईसारखी भरभर बोलणारी, पण त्या दिवशी ती शब्द मोजून बोलत होती.

"पप्पा, तुम्ही बाहेर बसा हवं तर."

"मी बसतो इथेच," काका म्हणाले. मग म्हणाले, "प्रणाली, तुला एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी थेंब द्यायला विसरलो. मला झोप लागली होती. माझी चूक."

ती वडिलांकडे वळली.

"तुम्ही तेवीस दिवस झोपला नव्हता, आणि त्या दुपारी झोपलात," ती म्हणाली. "पप्पा, मी काय बोलले होते ते मला पाठ आहे. फोन ठेवताना तुम्ही 'बरं' म्हणालात ना, तेव्हाच मला कळलं होतं की मी काय मागितलंय. परत फोन करून नको म्हणायला हवं होतं. मी गाडीवाल्याला म्हटलं, जोरात चालव."

काकांनी मान फिरवली. "मग कशाला हवंय हे?"

"मी मागितलं ते तिने भोगलं. मला निदान कळू तरी दे किती."

मी तिच्या डाव्या हाताला पट्टा बांधला. दोन तीसला नोंद चालू केली. टॅबलेटवर एक हिरवी रेघ सरकायला लागली, आणि पहिल्या दोन मिनिटांतच ती उभी चढली. आठ. साडेआठ. मी वॉर्डात असते तर धावत गेले असते.

प्रणाली डोळे मिटून, ओठ घट्ट धरून बसली होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. तिने डोळे उघडले.

"सिस्टर, हे चालू आहे ना?"

"चालू आहे."

"नुसत्या मुंग्या येताहेत."

हे मी आधी नीट सांगायला हवं होतं. मी सांगितलं होतंही, अर्जाच्या वेळी फोनवर, पण तिने ऐकलं नव्हतं आणि मी जोर दिला नव्हता. न शिकलेल्या हाताला दुवा काहीच सांगत नाही. आईच्या उशाशी जे दिवस काढले असते तर तिला हे वाचता आलं असतं, ते दिवस तिने हैदराबादला काढले होते. यंत्र पूर्ण ताकदीने चाललं होतं, शहाण्णव टोकं तिच्या कातडीवर सगळं सांगत होती, आणि तिच्या बाजूला कोणी ऐकणारं नव्हतं.

"वाढवा ना जरा," ती म्हणाली. "काहीतरी करा. मला कळतच नाहीये."

मी नाही म्हणून मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तेव्हा तिचं लक्ष वडिलांकडे गेलं.

काकांच्या हातावर काही नव्हतं. पण त्यांनी तो हात मांडीवर घेतला होता आणि ते खुर्चीत पुढे वाकले होते. शिरा तटतटलेल्या, मान घामाने ओली. तोंडातून आवाज निघू नये म्हणून त्यांनी उजव्या हाताची बोटं दातांत धरली होती. प्रणालीला हे कोणी सांगितलं नव्हतं. शेजारणीने नाही, मी नाही.

ती उठली. वायर ओढली जाऊन पट्टा तिच्या हातावरून सुटला. ती वडिलांसमोर जमिनीवर बसली आणि तिने त्यांचा डावा हात दोन्ही हातांत धरला. काकांनी तो सोडवायचा प्रयत्न केला. तिने सोडला नाही.

"असं होतं?" तिने विचारलं.

काकांनी मान डोलावली.

"एवढं?"

ते बोलू शकत नव्हते. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, डोळे न हलवता, आणि मला वाटलं की तिला हवं होतं ते आता तिला मिळतंय आणि मी ते थांबवायला हवं. मी टॅबलेट बंद करायला हात पुढे केला आणि रेघ बघितली.

रेघ खाली आली होती.

मी वेळ बघितली. दोन पन्नास. साडेआठवरून चार, चारवरून दोन, मग एक. मी नोंद पुढे सरकवून बघितली. तिथून ती शेवटपर्यंत सरळ सपाट होती. खालच्या दुसऱ्या रेघा मी पुन्हा पुन्हा तपासल्या. मेंदूच्या लहरी मंद झाल्या होत्या, श्वास लांब झाले होते. शेवटच्या तासात पुष्कळांचं असं होतं. शरीर स्वतःच माणसाला आत ओढून घेतं.

काकांच्या हातातली कळ मात्र उतरली नव्हती.

"काका," मी म्हणाले, "त्यांना वीस मिनिटं होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ऐकलं नाही.

"काका, दोन पन्नासला थांबली. त्यांची थांबली. पुढची पस्तीस मिनिटं त्यांची नाहीत. तुमची आहेत."

"यंत्राला काय कळतंय," ते दातांतून म्हणाले. "माझ्या हाताला कळतंय."

"तुमच्या हातावर तेव्हा पट्टा नव्हता."

हे बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं. प्रणालीने माझ्याकडे रागाने बघितलं. मी खाली बसले, तिच्या शेजारी, आणि दोन वीसच्या फोनचं सांगितलं. तुम्ही विचारायला फोन केला होता, मी ऐकून घेतलं असतं तर अर्धा डोस द्या म्हणाले असते, काकू जाग्या राहिल्या असत्या आणि कळही एवढी चढली नसती. ती वीस मिनिटं माझी आहेत. हे मी नोकरीत कधी कोणासमोर बोलले नव्हते. विभागात नंतर लिहून दिलं, त्याचं काय व्हायचं ते झालं.

कोणी कोणाला माफ वगैरे केलं नाही. तीन पंचवीसला कळ उतरली. प्रणालीने चहा केला, तिघांनी घेतला.

निघताना ती माझ्याबरोबर गाडीपर्यंत आली. "तो उपचार कसा करतात?" तिने विचारलं.

तिने महिन्याची रजा घेतली. मी तिला शिकवलं. रोज अडीचच्या आधी काकांनी डोळे मिटून बसायचं, आणि तिने त्या हातावर एकेक वस्तू टेकवायची. खरखरीत टॉवेल, पाण्यात बुडवलेला चमचा, कापूस, ऊन पाण्याची पिशवी, कधी नुसतं बोट. काय लागलं ते काकांनी ओळखायचं. हात आपला आहे, याचे पुरावे एकेक करून मेंदूपुढे ठेवत जायचे.

काका तयार झाले ते माझ्या सांगण्याने नाही. पहिल्या दिवशी त्यांनी नकोच म्हटलं. प्रणाली म्हणाली, "मम्मी वॉर्डात म्हणाली होती, यांच्या हातावरचं हे काढा म्हणून. सिस्टरनी सांगितलं मला." काकांनी सदऱ्याची बाही वर केली.

पहिले आठ दिवस काहीच फरक पडला नाही. कळ यायची, ते चमच्याला टॉवेल म्हणायचे, घामाने निथळायचे. नवव्या दिवशी ती तीनलाच थांबली. मग मागे-पुढे होत राहिली. प्रणाली रोज मला वेळ लिहून पाठवायची. एकदा तिने लिहिलं, आज पप्पांनी कळ असतानाच बोट ओळखलं, मला म्हणाले तुझे हात आईसारखे गार आहेत. त्याच्यापुढे तिने काही लिहिलं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी मी तिथे होते. अडीच वाजले. टॉवेल. काका म्हणाले, "टॉवेल." कापूस. "कापूस." चमचा. "चमचा, गार." दोन चाळीस झाले. बाहेरून टाकी भरल्याचा आवाज येत होता. प्रणाली पिशवी उचलणार, तेवढ्यात काकांनी डोळे उघडले. हाताकडे बघितलं. मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. चेहऱ्यावर आराम दिसेल असं मला वाटलं होतं, तसं झालं नाही. घरातून कोणी उठून गेल्यावर माणूस दाराकडे बघतो तसे ते हाताकडे बघत राहिले.

"गेली," ते म्हणाले.

मागच्या दोन महिन्यांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकला नव्हता. लोक भेटायला आले तेव्हाही तो प्रणाली उच्चारायची, किंवा शेजारीण. प्रणालीने पिशवी खाली ठेवली. काय गेली, असं आम्ही दोघींनी विचारलं नाही.

मग ते रडले. बराच वेळ, आवाज करून. डावा हात मांडीवर उताणा पडला होता. प्रणालीने तो उचलला नाही. तिने खाली सरकून त्यांचे पाय मांडीवर घेतले आणि चेपायला सुरुवात केली.